कप्तानिणीची नजर

क्लबातल्या सगळ्यांना तो कप्तान म्हणूनच माहीत होता. जहाज त्याने फक्त चित्रात पाहिलं होतं, आणि पाणी छातीपर्यंत आलं की अजूनही त्याचा जीव वरखाली व्हायचा. पण लांब दांड्याची जाळी खांद्यावर टाकून तो पोहण्याच्या तलावाच्या काठाने ज्या थाटात फेऱ्या मारायचा, तो पाहून कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते त्याला कायमचं चिकटलं. मग त्याची बायको ओघानेच कप्तानीण झाली. ती बायकांकडच्या कपडे बदलायच्या खोल्या सांभाळायची, विसरलेले टॉवेल आणि हरवलेल्या चाव्या ज्याच्या त्याला पोचत्या करायची, आणि चपला घालून आत शिरणारी व्यक्ती क्लबची अध्यक्षीण का असेना, तिला दारातच थोपवायची.

त्या दोघांचं एक गुपित होतं. कप्तानला लाल-हिरवं कळत नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ते उघडकीला आलं. तिने त्याच्यासाठी हौसेने स्वेटर विणला होता, लालभडक. तो अंगात घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हिरवा रंग मला खुलतो नाही?" तिला वाटलं, स्वारी चेष्टा करतेय. पण चेष्टेचं लक्षण चेहऱ्यावर दिसेना, तेव्हा तिने लोकरीचे सगळे गुंडे पिशवीतून काढून त्याच्यापुढे मांडले आणि एकेकाचा रंग विचारला. निळा, पिवळा त्याने बरोबर सांगितला. बाकीच्यांची त्याने जी वाट लावली, ती ऐकून ती हसत सुटली आणि मग एकदम हसायची थांबली.

"अहो, मग त्या तुमच्या पाण्याच्या नळ्या? त्यांचा रंग कसा वाचता?"

"अंदाजाने," कप्तान म्हणाला. नोकरी नवीन होती, आवाज बारीक झाला होता. "गडद-फिकं कळतं मला. थोडंफार."

"थोडंफार? आणि त्यावर लोकांची पोरं पाण्यात उतरतात?"

दुसऱ्या दिवशी ती जेवणाचा डबा घेऊन तलावावर हजर झाली, आणि त्या दिवसापासून पाण्याचा रंग तिनेच वाचला. खोल्या सांभाळायचं काम तिला पुढे मिळालं. रंग वाचायचं काम कुणी दिलंच नव्हतं, ते तिने आपणहून उचललं होतं. कप्तान नळीत पाणी घ्यायचा, औषधाचे थेंब टाकायचा, नळी हलवायचा. क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, जितकं जास्त तितकं गडद. शेजारी छटांची पट्टी असते, तिच्यातली तिसरी छटा म्हणजे क्लोरीन हवं तेवढं. कप्तानीण उन्हाकडे पाठ करायची, नळीमागे पांढरा टॉवेल धरायची आणि सांगायची, "तिसरी." किंवा, "दुसरीच आहे, आज हात सैल सोडा." आणि कप्तान त्याप्रमाणे औषध टाकायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटायचं, काय जोडी आहे, नवरा-बायको मिळून पाणी निरखतायत. कुणाला शंका आली नाही. पाण्यावरून कधी तक्रारही आली नाही.

अशी कित्येक वर्षं गेली. मग एका वर्षी क्लबाने तलाव दुरुस्तीला काढला. काठाची जुनी फरशी उखडून नवी बसवायची होती, खोल्या पाडून नव्या बांधायच्या होत्या. काम लांबत गेलं आणि अख्खा उन्हाळा तलाव कुलपातच राहिला. पाणी मात्र आत होतंच. ते नासू नये म्हणून कप्तान क्लोरीनच्या गोळ्या भरलेला तरंगता डबा पाण्यात सोडून ठेवायचा. गोळ्या सावकाश विरघळत राहायच्या. संपल्या की तो नव्या भरायचा. पोहायला कुणी नसताना एवढं पुरे, असा त्याचा हिशेब होता.

उघडायचा दिवस जवळ आला तसा त्याने दरवर्षीचा रिवाज सुरू केला. पाला काढला, तळ झाडला, पंप तासन्‌तास चालवला आणि स्टॅबिलायझरची पिशवी पाण्यात सोडली. स्टॅबिलायझर म्हणजे एक पांढरी पूड. उन्हात क्लोरीन भराभर उडून जातं. ही पूड त्याला धरून ठेवते, उडू देत नाही. घरात ती दोघं तिला छत्रीच म्हणायची. "छत्री टाकलीत का?" असं कप्तानीण दरवर्षी विचारायची. यंदाही विचारलं, आणि तो म्हणाला, "टाकली."

आणि चार दिवस गेले नसतील, तर पाणी हिरवं पडलं.

कप्तानला ते हिरवं दिसलं नाही, पण हाताला कळलं. पायऱ्यांशी वाकून त्याने पाण्याखालच्या फरशीवरून तळवा फिरवला, तर ती बुळबुळीत. तळाशी पाणी जायला बसवलेली जाळी एरवी कशी चित्र काढल्यासारखी स्पष्ट दिसायची, ती धूसर झाली होती. त्याने कप्तानिणीला हाक मारली.

"शेवाळ धरलंय," ती म्हणाली. "खोल बाजूच्या कोपऱ्यात तर चांगलंच."

"क्लोरीन संपलं असणार."

तिने नळी वाचली. "तिसरी. जराशी वरच."

"असं कसं होईल?"

"कसं होईल ते मला काय माहीत? रंग तिसरा आहे."

त्याने रात्रभर विचार करून सकाळी पोतंभर क्लोरीन ओतलं, ब्रश मारला, पंप चालू ठेवला. पाणी निवळलं. दोघांनी सुस्कारा सोडला. दोन दिवसांनी पुन्हा कोपरे बुळबुळीत. पुन्हा पोतं, पुन्हा दोनच दिवस. पुन्हा नळी, पुन्हा तिचं तेच, "तिसरी, जराशी वर."

पोहायला शिकवणारी कोच तरुण होती, चटपटीत होती आणि तिच्या मनात काही राहत नसे. काठावर पाय सोडून बसल्याबसल्या ती म्हणाली, "काकू, रागावू नका हं, पण तुमचं ते मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी आहे?"

"तलाव उघडला की."

"नाही, म्हणजे, डोळ्यांमुळे रंग वाचताना काही..."

"रंग मी नाही वाचत," कप्तानीण शांतपणे म्हणाली. "रंग कप्तान वाचतात. मी नुसती टॉवेल धरते."

कोचने कप्तानकडे पाहिलं. कप्तानने जाळीकडे पाहिलं.

पण ते बोलणं त्याच्या डोक्यात बसलं. मोतीबिंदू होता, हे खरंच होतं. डावा डोळा चांगलाच पिकलाय, लवकर या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ही बाई आज-उद्या करत होती. हल्ली चहा ओतताना तिची धार कपाच्या काठाला लागायची. परवा तिने सुनेच्या मैत्रिणीला सून समजून चांगलं दोन मिनिटं फैलावर घेतलं होतं. हे सगळं त्याने हसण्यावारी नेलं होतं. आता तीच एकेक गोष्ट त्याला आठवायला लागली. इतकी वर्षं त्याने तिच्या शब्दावर पाण्यात औषध टाकलं होतं, एकदाही मागे वळून विचारलं नव्हतं. आणि आता, पहिल्यांदाच, त्याचा विश्वास डळमळला. स्वतःचा त्याला इतका राग आला की त्या दिवशी तो जेवला नाही.

जेवला नाही, पण गप्पही बसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने तलावाचं पाणी बाटलीत भरलं, बाटली कागदात गुंडाळली, नळ्या आणि पट्टी पिशवीत टाकली आणि तडक सुनेचं दुकान गाठलं.

सून घराला लावायच्या रंगांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक कुठूनतरी पोपडा खरवडून आणायचं आणि म्हणायचं, अगदी हाच द्या. आणि ती यंत्रावर थेंब मोजून अगदी तोच करून द्यायची. पांढऱ्यातले इतके प्रकार तिला वेगळे दिसायचे की नवऱ्याने शर्ट धुताना तिच्यापुढे हात टेकले होते.

"बाबा, तुम्ही इथे? घरी सगळं ठीक ना?"

कप्तानने पिशवी गल्ल्याच्या फळीवर ठेवली, इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात काय करायचं ते सांगितलं.

सुनेने ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे आईंना माहीत आहे?"

"नाही."

"मग मी वाचते, पण संध्याकाळी त्यांना सांगणार. माझ्या पोटात काही राहत नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

"सांग," कप्तान म्हणाला. त्याला वाटलं, बरंच झालं, माझ्या तोंडून निघालंच नसतं.

तिने थेंब टाकले, नळी हलवली, दुकानाच्या दारात उजेडात जाऊन उभी राहिली. पट्टी शेजारी धरली, डोळे बारीक केले.

"तिसरी," ती म्हणाली. "पण नेमकी तिसरी नाही. किंचित वर."

कप्तान तिथल्या डब्यांच्या चळतीवर मटकन बसला. आनंद व्हायला हवा होता. पण आपण बायकोची परीक्षा घ्यायला निघालो होतो, हेच त्याला खात होतं.

संध्याकाळी तो मुद्दाम उशिरा घरी गेला. कप्तानीण खिडकीशी मटार सोलत बसली होती. सून स्वयंपाकघरात भांडी वाजवत होती, नेहमीपेक्षा अंमळ मोठ्याने.

"आलात?" कप्तानीण म्हणाली. "काय म्हणालं मग रंगाचं दुकान? पास की नापास?"

"अगं, मला तसं..."

"बसा आधी. मटार सोला."

तो बसला. तिने ओरडावं, चार शब्द सुनवावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती ओरडली नाही. शेंगांचा ढीग तिने त्याच्याकडे सारला.

"तुमच्या जागी मी असते तर मीही नेलं असतं," ती म्हणाली. "त्या पाण्यात पोरं उतरणार आहेत. पण मला विचारायचंत. मी सांगितलं असतं. हे बघा, मला सगळं पिवळट दिसतं, धुरकट दिसतं, सगळं खरं. पण मी नळी एकटी कुठे बघते? नळी आणि पट्टी शेजारी-शेजारी धरते, एकाच उजेडात. पिवळं दिसायचं ते दोन्ही पिवळं दिसतं. धूर दोन्हीवर सारखाच. जुळतं ते जुळतंच ना?"

कप्तानच्या हातातली शेंग तशीच राहिली. इतक्या वर्षांत त्याला हे सुचलं नव्हतं. तो रंग न कळणारा माणूस, रंग कळणं म्हणजे काहीतरी जादू असते, असंच त्याला वाटत आलं होतं. हिने त्या जादूची गाठ दोन वाक्यांत सोडून दाखवली होती, आणि तीही मटार सोलता सोलता.

"आणि डोळा बिघडायला लागला तेव्हाच मी हे ताडून पाहिलं होतं," ती पुढे म्हणाली. "सुनेला विचारून. तुम्हाला काय वाटलं, तुम्ही पहिले तिच्याकडे गेलात?"

आतून भांडी वाजायची थांबली. "मी म्हटलं ना, पोटात राहत नाही," सून आतूनच म्हणाली. "पण आईंनी शपथ घातली होती."

कप्तान हसला. किती दिवसांनी हसला.

"आता हसणं पुरे, डोकं चालवा," कप्तानीण म्हणाली. "क्लोरीन आहे, हे खरं. शेवाळ आहे, हेही खरं. म्हणजे क्लोरीन आहे पण कामाला लागत नाहीये. घरात माणूस आहे, खातंपितं आहे, पण हलत नाही, तसं. का हलत नाही? कुणीतरी धरून ठेवलंय त्याला. क्लोरीनला धरून कोण ठेवतं?"

"छत्री," कप्तान म्हणाला. आणि हातातली शेंग त्याने खाली ठेवली.

"तुमची ती ठिपक्याची टेस्ट कधी केली होतीत?"

स्टॅबिलायझर किती आहे ते बघायची टेस्ट वेगळी असते. तिच्यात रंग नसतो. तलावाच्या पाण्यात औषध मिसळलं की ते दुधासारखं गढूळ होतं. मग ज्या नळीच्या तळाशी काळा ठिपका असतो, त्या नळीत ते हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि कितीपर्यंत भरलं ते वाचायचं. स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितका ठिपका लवकर बुडतो. ही एकच टेस्ट कप्तानची स्वतःची होती. ती तो कुणाच्या मदतीशिवाय करायचा, आणि मोठ्या झोकात करायचा.

"बंद करायच्या आधी," तो म्हणाला. "यंदा केलीच नाही. दरवर्षी तेवढंच टाकतो, म्हणून..."

"आणि गोळ्या? त्यांच्यात नसते छत्री?"

असते. त्या गोळ्यांत क्लोरीनबरोबर तीही असते, हे त्याला पक्कं माहीत होतं. क्लोरीन खर्च होतं, ती होत नाही. ती जाते ती पाण्याबरोबरच, पोहणाऱ्यांच्या अंगावरून, नाहीतर फिल्टर धुताना. यंदा पोहणारं कुणी नव्हतं आणि फिल्टरही जेमतेम धुतला होता. गोळी विरघळत होती, छत्री साठत होती. आणि त्यावर त्याने आणखी पिशवी ओतली होती.

सकाळी उजाडताच दोघं तलावावर गेली. कप्तानने पाणी गढूळ केलं आणि ठिपक्याच्या नळीत ओतायला घेतलं. अर्ध्यापर्यंत ओतायची त्याच्या हाताला सवय होती. या वेळी जरासं ओतलं नाही तोच ठिपका गेला. नळीवरच्या आकड्यांच्याही पलीकडे! मग त्याने तलावाचं पाणी निम्मं आणि नळाचं निम्मं असं मिसळून पुन्हा बघितलं. ऐंशी. म्हणजे मुळात एकशेसाठ. असायला हवं होतं चाळीसच्या आसपास.

"एवढ्या छत्र्यांच्या गर्दीत क्लोरीन बिचारं हात तरी कुठून हलवणार?" कप्तानीण म्हणाली.

यावर औषध नव्हतं. पाणीच काढावं लागणार होतं, तेही चार भागांतले तीन. आणि उघडायच्या दिवशी मुलांच्या शर्यती ठरल्या होत्या, आमंत्रणं गेली होती.

ती दोघं ऑफिसात जायच्या आतच ऑफिसाचं बोलावणं आलं. सेक्रेटरीबाई पूर्वी एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या. त्यांच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत. कोच खुर्चीत अवघडून बसली होती. तिनेच सांगितलं असणार, हे तिच्या खाली घातलेल्या मानेवरूनच कळत होतं.

"कप्तान," सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "पाण्याचा रंग तुम्ही मिसेसना वाचायला लावता, असं कानावर आलंय. त्यांच्या डोळ्यांची अवस्था मला माहीत आहे. मला कुणाला दोष द्यायचा नाही. पण आजपासून रंग तुम्ही स्वतः वाचायचा."

कप्तानीण पुढे सरकली. ती काहीतरी सांभाळून घेणार, हे कप्तानने ओळखलं. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. त्याने तिच्या दंडाला हात लावला.

"मॅडम, मला रंग दिसत नाहीत," तो म्हणाला. "लाल, हिरवा, गुलाबी, काहीच नाही. जन्मापासून. या तलावाचं पाणी पहिल्या वर्षापासून हिनेच वाचलंय. इतकी वर्षं इथे कुणाचे डोळे चुरचुरले नाहीत, कुणाच्या अंगाला खाज सुटली नाही, ते हिच्या नजरेमुळे. आणि आजही हिचा रंग बरोबर आहे. चूक माझ्या बाजूची आहे. ती टेस्ट मला करता येते आणि मी केली नाही."

कोचचं तोंड उघडंच राहिलं. सेक्रेटरीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जन्मापासून," त्या म्हणाल्या. "आणि मला पत्ता नाही. बरं. चूक कुठली ते सांगा."

सांगितलं कप्तानिणीने. गोळ्या, पिशवी, ठिपका, एकशेसाठ. तिने ना आवाज चढवला, ना अजीजी केली. सेक्रेटरीबाई मधेमधे प्रश्न विचारत होत्या आणि ती उत्तरं देत होती. इस्पितळात दोन अनुभवी बायका पेशंटबद्दल बोलाव्यात, तसं. कप्तान बाजूला उभा राहून तिच्याकडे बघत होता. या बाईशी आपलं लग्न झालंय, असा काहीसा वेडा अभिमान त्याला वाटत होता.

"तीन हिस्से पाणी म्हणजे फार झालं," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "दुसरा काही उपाय? जास्त क्लोरीन?"

"ओतलं की. दोनदा ओतलं. दोन दिवस टिकतं. शर्यतीच्या दिवशी पाणी छान दिसेलही, पण त्याच्या भरवशावर मी माझं नातवंड उतरवणार नाही."

"मला बघायचंय," सेक्रेटरीबाई म्हणाल्या आणि उठल्याच.

काठावर त्यांनी स्वतःच्या हाताने नळी धरली. कप्तानने गढूळ पाणी दिलं. त्यांनी थोडंसं ओतलं, वाकून पाहिलं, आणखी थोडंसं ओतलं, आणि थांबल्या. "गेला," त्या म्हणाल्या. मग कोचकडे वळल्या. "शर्यती पुढे ढकलल्या म्हणून सगळ्यांना फोन कर. कारण विचारलं तर खरं सांग, पाणी बदलतोय."

दुपारपासून पाणी उपसायला लागलं. पूर्ण रिकामा मात्र कप्तानने केला नाही. खालची जमीन ओली असली की रिकाम्या तलावाची फरशी वर उचलली जाते, म्हणून खोल बाजूला एक हिस्सा राहू दिला. उघड्या पडलेल्या उतारावर कप्तानीण गमबूट चढवून ब्रश घेऊन उतरली. तिला शेवाळ नीट दिसत नव्हतं, त्याला त्याचा रंग कळत नव्हता. दोघंही तळव्याने भिंत चाचपत पुढे सरकत होती.

"इथे आहे."

"इथेही."

"तुमच्या डोक्यावर बघा. बघा म्हणजे, हात लावा."

कोच काठावरून थोडा वेळ हे पाहत राहिली. मग तीही ब्रश घेऊन खाली उतरली. "काकू, मी तुमच्याबद्दल उगाच बोलले."

"उगाच कशाला? पाण्यावर संशय आला तर बोलायलाच हवं," कप्तानीण म्हणाली. "पुढच्या वेळी ऑफिसात जायच्या आधी माझ्याकडे ये, एवढंच. आणि तो कोपरा घे, तुझे गुडघे नवे आहेत."

घरी जाताना कप्तान म्हणाला, "उद्या डॉक्टरांकडे जायचं. डोळा तपासून घ्यायचा."

"पाणी भरायचंय, टेस्टा करायच्यात. उघडलं की..."

"तलाव थांबला तर थांबेल. तुझा डोळा थांबणार नाही. ऑपरेशनची तारीख मी आधीच घेतलीय."

ती चालता चालता थबकली. तिच्या वतीने काहीतरी ठरवून मोकळा होणारा हा माणूस तिला नवा होता. "कुणाला विचारून?"

"सुनेला."

ऑपरेशन झालं त्या दिवशी तलाव भरत होता. डोळ्यावर पट्टी बांधून ती घरी पडली होती आणि सुनेच्या फोनवरून दर थोड्या वेळाने चौकशी करत होती. पाणी कुठवर आलं? ठिपका केलात का? कप्तानने केला. नळी भरत भरत अर्ध्याच्या वर गेली तरी ठिपका तग धरून होता. शेवटी बुडाला तेव्हा आकडा होता चाळीस. पिशवीला त्याने हातही लावला नाही. गोळ्यांऐवजी या वेळी पातळ क्लोरीन आणलं होतं, ज्यात छत्री नसते. रंग कोचने वाचला, पाठ उन्हाकडे आणि मागे पांढरा टॉवेल, अगदी कप्तानिणीच्या पद्धतीने. पाणी निवळलं ते निवळलंच. तळाच्या जाळीची भोकं मोजता यावीत इतकं. कोपरे हाताला करकरीत लागत होते.

तलाव उघडला त्या दिवशी कप्तानीण काळा चष्मा लावून काठापासून दूर खुर्चीत बसली होती. डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि सेक्रेटरीबाईंनी तिच्या खुर्चीभोवती खडूने रेघच आखून दिली होती. मुलं आली, पालक आले, सकाळी पोहायला येणाऱ्या म्हाताऱ्या बायकांचा कंपू आला. कप्तान नळी घेऊन तिच्यापाशी गेला.

तिने काळा चष्मा कपाळावर सरकवला, नळी टॉवेलपुढे धरली आणि तिच्याकडे बघतच राहिली.

"काय झालं? कमी आहे?"

"नाही हो. बरोबर आहे. पण..." तिने नळी पुन्हा उजेडात धरली. "गुलाबी असा असतो, हे मी विसरूनच गेले होते."

कप्तान तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला. इतक्या वर्षांत जे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं, ते त्याने विचारलं. "कसा असतो गं?"

तिने विचार केला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "नाही सांगता यायचं," ती म्हणाली. "तुम्ही आपलं औषध टाका जा. पोरं खोळंबलीत."

तो गेला. कोचने शिट्टी वाजवली आणि तलावात एकच दंगा उसळला.

त्यानंतर पाणी तपासण्याचं काम दोघांच्या नावावर लागलं, सेक्रेटरीबाईंनीच लावलं. ठिपक्याची टेस्ट कप्तान आता चुकवत नाही. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही महिन्याभरात उरकलं. आणि नवीन माणूस क्लबात आला, पाणी किती छान ठेवलंय हो म्हणाला, की कप्तान जाळी खांद्यावरून खाली घेतो आणि खोल्यांकडे बोट दाखवतो.

"मला रंग कळत नाहीत," तो सांगतो. "ती तिकडे आहे ना, ती वाचते."